पान ४१ वरचा बदाम

पाण्याचा पहिला थेंब वादीच्या नावावर पडला. दुसरा 'विरुद्ध' या शब्दावर. तिसरा पडायच्या आत मध्ये एक हात आला आणि फाईल वीतभर बाजूला सरकली.

"मॅडम, इथे नका ठेवू. ह्या एसीचा पाइप उलटा उतरलाय."

कोर्टासमोरचं झेरॉक्सचं दुकान. दिंडोशी. ऑगस्ट, सकाळचे साडेदहा. बाहेर पाऊस पडत नव्हता, आत पडत होता. गंधाली कर्णिक, वय सत्तावीस, राहणार मुलुंड, वकिलीला चार वर्षं. चारही वर्षं शिवदास सरांच्या अंधेरीच्या ऑफिसात. हात ज्याचा होता त्याचं नाव तिला अजून माहीत नव्हतं. हाताला ग्रीसचा डाग होता आणि मनगटावर तीन दिवसांची राखी.

"तुम्ही एसीवाले का?"

"हो. म्हणजे ह्या एसीचा नाही. पण बघवत नाही ना…"

तो स्टुलावर चढला, पाइप जरा वर उचलून आणखी आत दाबला आणि खिशातल्या वायरच्या तुकड्याने बांधला. थेंब थांबले. दुकानदार म्हणाला, झकास. खाली उतरताना त्याची नजर ओल्या पानावर गेली.

"सुलक्षणा नेरूरकर विरुद्ध…" त्याचं बोट एकेक ओळ उतरत सातव्या नावावर थांबलं. "अरे! माझी आजची तारीख हीच. ह्यात मी आहे."

"कुठे?"

"हा काय. सात नंबर. हर्षद काशीराम घाडी, राहणार वाकोला." त्याने फाईलकडे बघितलं, मग तिच्याकडे. "म्हणजे मी माझ्यावरचाच दावा भिजण्यापासून वाचवला?"

"थँक यू," गंधाली म्हणाली. "ही तुमचीच प्रत आहे. मिळाली म्हणून इथे सही करा."

त्याने सही केली. पेन परत देताना टोपण लावून दिलं. आजवर कुठल्याही प्रतिवादीने तिला पेन टोपण लावून परत दिलं नव्हतं. याची नोंद तिने कुठेही केली नाही.

दावा काय होता

सुलक्षणा नेरूरकर म्हणजे रात्री आठच्या मालिकेतली सून. गेल्या मार्चमध्ये तिने एका मसाला कंपनीसाठी व्हिडिओ केला. बांगड्याचं तिखलं. 'माझ्या आजीची रेसिपी', असं ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. त्या वाटणात तिने तिरफळं घातली, काळ्या बियांसकट, आणि वाटली.

तिरफळाच्या बिया टाकून द्यायच्या असतात. टरफलं नुसती ठेचून रश्शात सोडायची आणि जेवताना बाजूला काढायची. हे ज्यांना माहीत आहे त्यांना ते कोणी शिकवलेलं नसतं.

त्या व्हिडिओखाली वाकोल्याच्या एका एसी मेकॅनिकने लिहिलं :

*बायन तिरफळां बियांसकट वाटल्यान. म्हणे आजीची रेसिपी. ही आजी खंयची?*

बावन्न हजार लाईक. 'ही आजी खंयची?' रिक्षांच्या मागे आलं, टी-शर्टवर आलं. दहीहंडीचा सराव करणाऱ्या एका पथकाच्या पाठीवरही दिसलं. एका व्लॉगरने त्यावर वीस मिनिटांचा कार्यक्रम केला : सुलक्षणाला आजीच नव्हती, सगळं खोटं आहे, पूर्वी स्वयंपाकीणबाईला हाकललं आणि रेसिपी तिची चोरली. यातलं त्याने काहीच तपासलं नव्हतं. मसाला कंपनीने करार मोडला.

बदनामीचा दावा. प्रतिवादी एक : व्लॉगर. दोन ते सहा : त्याचंच पुढे पसरवणारी पानं. सात : तिरफळवाला.

मागणी सातव्याकडून एवढीच : बिनशर्त जाहीर माफीचा व्हिडिओ. द्वेषाने खोटं लिहिलं अशी कबुली, स्वतःच्या तोंडाने, वर्षभर सगळ्यात वर ठेवायचा.

दुसरी तारीख

पुकारा झाला, व्लॉगरचा वकील वेळ मागून गेला, तारीख पडली. गंधाली झेरॉक्सच्या दुकानात आली तेव्हा हर्षद तिथे होता. एसीचा पाइप त्याने आता नीट बसवला होता. दुकानदार त्याला चहा पाजत होता.

"मॅडम, एक विचारू? लीगल नाही."

"माझ्याशी लीगलच बोला. वकील केलात का?"

"नाही. माझं मीच बोलणार. चार ओळी लिहिल्या, त्याला वकील कशाला?" त्याने फाईल उघडली. पानं चुरगळली होती. वाचलेली दिसत होती. "तुम्ही लोकांनी नव्वद पानं स्क्रीनशॉट लावलेत. प्रत्येक कमेंटच्या बाजूला तो बदाम असतो ना, लाईकचा? सगळे पोकळ आहेत. नुसती रेघ. पान एक्केचाळीसवरचा भरलेला आहे."

"झेरॉक्सची शाई असेल."

"मीही तेच म्हटलं. मग दुकानात तीन वेळा काढून बघितलं. तिन्ही वेळा काळा." तो हळू आवाजात बोलायला लागला. "बदाम भरलेला कधी दिसतो? ज्याच्या फोनवरून स्क्रीनशॉट काढलाय त्यानेच लाईक केलेलं असेल तर. आणि शेवटच्या पानावर लिहिलंय, हे सगळे स्क्रीनशॉट मी माझ्या फोनवरून, माझ्या हाताने काढले, काही बदल केलेला नाही. खाली सही… गंधाली कर्णिक."

चहाचा ग्लास काउंटरवर होता. गंधालीने तो उचलला आणि परत ठेवला. तो तिचा नव्हता.

"म्हणजे तुम्ही हसला होतात," हर्षद म्हणाला. त्याला ह्याचंच जास्त आश्चर्य वाटत होतं. "बावन्न हजारांत एक तुम्ही?"

"तुम्हाला काय पाहिजे?"

"मला? काही नाही… खरंच हसला होतात का, एवढंच."

ती फाईल काखेत मारून निघून गेली. रस्ता ओलांडताना तिला आठवलं की झेरॉक्स न काढताच आपण आलो.

उलटतपास (साक्षीदार एकटी, मुलुंडच्या घरी, रविवार सकाळ)

प्रश्न : लाईक कधी केलंस?

उत्तर : एप्रिलमध्ये. दातांच्या डॉक्टरकडे रांगेत बसले होते. केस ऑफिसात आली जूनमध्ये.

प्रश्न : स्क्रीनशॉट काढताना दिसलं नाही?

उत्तर : नव्वद होते. एका दुपारी काढले. खारी खात होते.

प्रश्न : आत्ता काढून टाक. बदामावर एकदा बोट लाव, संपलं.

उत्तर : कोर्टात दाखल केलेली गोष्ट आहे. मी सही केलीय की काही बदललेलं नाही. आता बदलू?

प्रश्न : मग सरांना सांग.

उत्तर : सर काढून टाकतील. बदाम नाही, मला.

प्रश्न : आणि त्याने कोर्टात सांगितलं तर?

उत्तर : दाव्याचीच वाट लागेल. वादीच्या वकिलालाच जे आवडलं त्यात बदनामी कसली? तो सुटेल. मी पुन्हा कुठल्या ऑफिसात उभी राहू शकणार नाही.

प्रश्न : हे त्याला कळतं?

उत्तर : एसीवाला आहे, बिनडोक नाही.

प्रश्न : ती कमेंट तेव्हा का आवडली होती?

उत्तर : त्या आठवड्यात मी एकदाच हसले होते.

प्रश्न : आता आवडते?

(साक्षीदार चहा गरम करायला उठते.)

मसुदा, आणि त्याच्या समासातलं

सप्टेंबरात शिवदास सर म्हणाले, सात नंबरला माफीचा मसुदा पाठवून द्या, तो गरीब माणूस आहे, सही करेल. गंधालीने मसुदा टाइप केला. तिसऱ्या तारखेला त्याला दिला. त्याने तो चौथ्या तारखेला परत आणला, निळ्या पेनाने रंगवून.

*मसुदा :* वादी या नामांकित अभिनेत्री असून…

*समास :* मान्य. आई रोज बघते.

*मसुदा :* …मी अज्ञानातून व द्वेषबुद्धीने…

*समास :* द्वेष नाही. अज्ञान तर अजिबात नाही. तिरफळं आमच्याकडे गावाहून येतात.

*मसुदा :* …खोटा व बदनामीकारक मजकूर लिहिला…

*समास :* बिया होत्या की नव्हत्या? व्हिडिओ परत बघा. ०२:१४.

*मसुदा :* …त्याबद्दल बिनशर्त माफी मागतो.

*समास :* एक शर्त. हा मसुदा ज्यांनी टाइप केला त्यांनी तारखेच्या दिवशी दुपारचं जेवायचं. मागच्या वेळी नुसता चहा होता.

गंधालीने कंपासमधली पेन्सिल काढली. शेवटच्या शेऱ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं : *शर्त अमान्य. पण विचारात घेतली आहे.* त्या पानाची एक झेरॉक्स काढून त्याला दिली. सरांना तिने समास नसलेली प्रत दिली आणि तोंडी सांगितलं, प्रतिवादी तयार नाही.

पाचव्या तारखेला हर्षदने स्टीलचा डबा आणला. घावणे आणि नारळाचा रस. दुकानदाराने काउंटरवर कोरे कागद पसरून दिले. दोघांनी उभ्यानेच खाल्लं.

"आईने विचारलं, कोणासाठी? म्हटलं, समोरच्या वकिलासाठी."

"मग?"

"म्हणाली, विष घालू काय रे?"

गंधाली हसली. तोंडात घावणा असताना हसली, म्हणून हात तोंडावर गेला, आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. हर्षदने रुमाल पुढे केला. मग त्यावरचा ग्रीसचा डाग त्याला दिसला आणि त्याने तो पटकन मागे घेतला, उलटा घडी केला आणि स्वच्छ बाजू वर करून परत पुढे केला.

"आता कळलं," तो म्हणाला.

"काय?"

"कमेंट वाचून कसं हसला असाल ते."

दावा चालवणाऱ्यांना तारीख पडलेली आवडत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तारीख पडली तेव्हा कोर्टरूममधून बाहेर येताना दोन माणसं मात्र हळू चालत होती.

पान ६३

ऑक्टोबर तापला. सुलक्षणाच्या चाहत्यांना हर्षदचा नंबर मिळाला होता. दिवसाला साठ-सत्तर मेसेज यायचे. काहींत शिव्या, काहींत त्याच्या आईला शिव्या. काही गिऱ्हाइकांनी काम रद्द केलं. काहींनी एसी बिघडलेला नसताना बोलावलं, कारण त्यांना सेल्फी हवा होता. तो हे सांगताना हसत होता, पण फोन उलटा ठेवून सांगत होता.

"आणि ते टी-शर्टवाले?" गंधालीने विचारलं. "ते येतात का मदतीला?"

"ते येतात ना. म्हणतात, घाबरू नकोस, अजून एक कमेंट टाक. कडक."

त्या दिवशी तिने त्याला वादीचं नवं प्रतिज्ञापत्र दिलं. पेन, सही, टोपण. तो पानं उलटत गेला आणि त्रेसष्टाव्या पानावर थांबला.

एक फोटो होता. जुना, रंग उडालेला. चुलीपुढे बसलेली एक बाई, नऊवारी, हातात मातीची परळ. तिच्या मांडीला टेकून एक चार-पाच वर्षांची मुलगी, दात पडलेली. मागे लिहिलेलं खाली टाइप केलं होतं : *वेंगुर्ला, मे महिना. जयंती नेरूरकर आणि नात.* पुढच्या परिच्छेदात एवढंच, की व्हिडिओतलं सामान कंपनीच्या माणसांनी मांडून ठेवलं होतं. वादीला स्वयंपाक येत नाही. आजी गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती.

हर्षदने अंगठा शर्टाला पुसला आणि पान सरळ केलं.

"आजी होती तर," तो म्हणाला.

"होती."

"मी काय लिहिलं… खंयची." त्याने फाईल मिटली, परत उघडली. "बियांवर थांबायला हवं होतं यार. बियांपर्यंत बरोबर होतं."

गंधाली समोरच्या पक्षाची वकील होती, आणि त्या क्षणी तिला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तिने झेरॉक्सचे कागद हलवून एकसारखे केले. ते आधीच एकसारखे होते.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला व्लॉगरचा वकील फोनवर मोठमोठ्याने बोलत होता.

"…अरे ऐक ना, डोकं लावलंय. ती तिरफळाची कमेंट आहे ना, तिला लाईक करणाऱ्यांची यादी उघडते. वर नाव टाकलं की सापडतं. सुलक्षणाच्या आजूबाजूचे सगळे एकेक करून शोधतो. मालिकेतले, घरातले, वकिलांच्या ऑफिसातले… एक जरी निघाला ना, तर दिवाळीआधीच फटाके!"

तो पैसे टाकून गेला. हर्षदने गंधालीकडे बघितलं. ती भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत होती. पाठपोट, रंगीत, लॅमिनेशन.

"किती दिवस आहेत पुढच्या तारखेला?" त्याने विचारलं.

"नऊ."

"ठीक आहे," तो म्हणाला. आणि डबा उचलून निघाला. तिचं पेन त्याच्याच खिशात राहिलं.

सातवी तारीख

कोर्टाच्या गेटबाहेर मुलं रील बनवत होती. दोन मुली सुलक्षणाच्या नावाचा फलक घेऊन उभ्या होत्या, शेजारी 'आजी खंयची' टी-शर्ट घातलेले तिघं. मध्ये कॅमेरे. सुलक्षणा स्वतः आली होती. काळा गॉगल लावून शेवटच्या बाकावर बसली होती.

गंधालीने जिन्यातच फोन उघडून बघितलं होतं. कमेंट नव्हती. बावन्न हजार लाईक नव्हते. बदाम नव्हता. त्या जागी आता कोणाचं तरी 'फर्स्ट' असं लिहिलेलं होतं.

जिन्याच्या वळणावर हर्षद उभा होता. इस्त्रीचा शर्ट.

"तू डिलीट केलीस?"

'तू' तिच्या तोंडून गेला. दोघांनीही तो ऐकला.

"हो."

"अरे वेडा आहेस का? दावा चालू असताना? सर ह्याचं काय करतील माहितीये?"

"यादी गेली ना पण?"

"हर्षद…"

"बावन्न हजारांचं काय करायचंय गं मला? एकाचंच नाव वाचायला गेलो होतो त्यात. दिसलं. मग पुसलं." त्याने खिशातून तिचं पेन काढलं आणि टोपण बघून परत दिलं. "तू काही बोलायचं नाहीस. बस्स."

पुकारा झाला.

शिवदास सर उभे राहिले. ते चांगले वकील होते. मिळालेली गोष्ट वाया घालवत नसत. "युवर ऑनर, जो खरं लिहितो तो लिहिलेलं पुसत नाही. पाऊलखुणा पुसतो तो चोर. सात नंबरच्या प्रतिवादीने गेल्या आठवड्यात मजकूर नष्ट केला. याहून मोठी कबुली कोणती? जाहीर माफीचा हुकूम आजच व्हावा."

न्यायाधीश बाईंनी चष्मा खाली केला. "घाडी, तुम्ही काढलंत?"

"हो मॅडम."

"का?"

"असंच."

"असंच कोणी काढत नाही. कोणी सांगितलं? कोणी धमकावलं?"

"नाही मॅडम."

"मग पुरावा नष्ट केलात असं धरावं लागेल. मग खोटं लिहिलं होतं हेही धरलं जाईल. समजतंय ना?"

हर्षदने खाली बघितलं. त्याच्या हातात त्याची प्रत होती, एक्केचाळीसाव्या पानावर दुमडलेली. ती फक्त वर करायची होती.

"धरा मॅडम," तो म्हणाला.

सिनियर उभा असताना ज्युनियरने बोलायचं नसतं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण मोडलेलं कोणी बघितलेलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"युवर ऑनर, पान एक्केचाळीस बघावं."

"गंधाली, बस," सर म्हणाले.

ती बसली नाही.

"त्या पानावरचा काळा बदाम माझा आहे. ही केस ऑफिसात येण्याआधी, एप्रिलमध्ये, मी ती कमेंट लाईक केली होती. स्क्रीनशॉट त्याच फोनवरून काढले, माझ्या लक्षात आलं नाही. प्रतिवादी सातच्या लक्षात आलं. दुसऱ्या तारखेलाच. ते दाखवून ते कधीच सुटले असते. त्यांनी कमेंट पुसली ती… माझं नाव बाहेर येऊ नये म्हणून. पुरावा नष्ट करायला नाही. मी हे आधीच सांगायला हवं होतं, मी घाबरले. चूक माझी आहे. सरांची नाही, वादीची नाही."

न्यायाधीश बाईंनी एक्केचाळीसावं पान काढलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"तुम्ही वादीच्या वकील आहात ना?"

"या क्षणापर्यंत."

"हे प्रतिज्ञेवर द्याल?"

"हो."

"यातला कुठला भाग?"

"सगळा," गंधाली म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघितलं, मग हर्षदकडे. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते, आणि फार मेहनतीने बघत नव्हते.

"मॅडम," हर्षद म्हणाला. "मलाही बोलायचंय. मी आजीबद्दल लिहिलं ते चुकलं. पान त्रेसष्टवर फोटो आहे. बाई खरी होती, आणि तिच्या मांडीला कोणीतरी टेकलेलं होतं. त्याची माफी मी इथे मागतो, आणि जिथे लिहिलं होतं तिथेही मागेन. कोणी टाइप करून द्यायला नको." तो थांबला. "तिरफळाची नाही मागणार."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग गॉगल काढल्याचा आवाज… एवढासा आवाज, पण सगळ्यांनी ऐकला.

"तिरफळाची नकोच," शेवटच्या बाकावरून सुलक्षणा नेरूरकर म्हणाली. "आजीने कानफटातच मारली असती मला."

हुकूम, आणि त्यानंतर

प्रतिवादी सातविरुद्धचा दावा तडजोडीने निकाली. एक ते सहाविरुद्ध चालू. पुढची तारीख जानेवारी.

शिवदास सरांनी ऑफिसात चहा मागवला, दोन कप, आणि म्हणाले, "तू प्रामाणिक आहेस. दुसऱ्या कोणाच्या ऑफिसात असतीस तर मला कौतुक वाटलं असतं." तिने चहा संपवला, किल्ली टेबलावर ठेवली. वकिलांच्या संघटनेकडे तिची तक्रार होईल की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

संध्याकाळी सहापर्यंत 'पान ४१' सगळीकडे होतं. काळ्या बदामाचे स्टिकर आले. निम्म्या लोकांनी तिला धाडसी म्हटलं, निम्म्यांनी गद्दार, आणि एकाने विचारलं की कानातले कुठून घेतले. तिने पहिल्या दहा कमेंट वाचल्या. मग फोन उलटा ठेवला. फोन उलटा का ठेवतात ते तिला आता माहीत होतं.

हर्षदने एकच मेसेज केला. *रविवारी जेवायला ये. वाकोला. आई म्हणते, विष नाही घालणार.*

रविवार, दुपारी दीड

दोन खोल्या. खिडकीवरून विमानं इतकी खाली जात की दर चार मिनिटांनी बोलणं थांबवावं लागे आणि भांडी थरथरत. कुंदाताईंनी, हर्षदच्या आईने, तिला पाट दिला नाही, खुर्ची दिली, "वकील आसस मां" म्हणून. मग पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाल्या, "खाली बस गो, ताट नीट दिसात."

बांगड्याचं तिखलं. भात. रश्शाला तो वास होता, जो व्हिडिओत येत नाही.

हर्षद तिच्याशेजारी बसला आणि तिच्या ताटातली तिरफळं एकेक बोटाने काढून कडेला ठेवायला लागला. एक, दोन, तीन. एसीतला स्क्रू काढावा तसा, जपून.

"माझं मी काढते की."

"तुला दिसणार नाहीत. रंग सारखाच असतो."

"चार वर्षं कागदातल्या चुका काढतेय मी."

"हो, एक्केचाळीसावं पान बघितलं ना मी."

तिने त्याच्या दंडावर चापट मारली आणि घास घेतला. एक तिरफळ राहिलं होतं. ते दाताखाली आलं.

आधी लिंबासारखं काहीतरी. मग जिभेवर मुंग्या, मग टाळूला, मग जीभ जणू दुसऱ्या कोणाची. तिचे डोळे मोठे झाले. तोंडावर हात.

हर्षद हसायला लागला, मग थांबला. वरून विमान गेलं. ते पूर्ण जाईपर्यंत तो थांबला, कारण त्याला जे म्हणायचं होतं ते त्याला परत म्हणावं लागू नये असं वाटत होतं.

"गंधाली, आता तारीख नाही आपल्याला. भेटायला कारण नाही. मग… कारण नसताना भेटशील? म्हणजे नेहमीच?"

"थांब," ती म्हणाली. ते 'थांफ' असं ऐकू आलं. "जीभ फधिर झालीय. आत्ता दिलेला जफाफ ग्राह्य धरू नकोस."

"मग कधीचा धरू?"

"जीभ ठिकाणावर आल्यावरचा."

"किती वेळ लागतो आई?" त्याने आतल्या खोलीकडे बघत विचारलं.

"पाच मिन्टां," आतून आवाज आला. "मगे इचार तिका, काय इचारूचा ता. आणि भात थंड करू नकोस."

भिंतीवर घड्याळ होतं. दोघं त्याकडे बघत बसले. गंधालीने कडेला काढलेल्या तिरफळांची ताटाच्या काठावर एक ओळ लावली. दुसरं विमान आलं, भांडी थरथरली, ओळ मोडली. त्याने ती पुन्हा लावली.

चार मिनिटं झाली.

"हो," ती म्हणाली. अगदी स्वच्छ उच्चार.

"अजून एक मिनिट आहे."

"माहितीये," गंधाली म्हणाली, आणि त्याच्या ताटातला बांगड्याचा तुकडा उचलला. "त्या मिनिटालाही मी तुझ्याच बाजूने आहे."